चवीपुरते मीठ, त्वचेपुरते मीठ



मीठ हा आपल्या घरातील सर्वांत स्वस्त पदार्थ आणि म्हणूनच सर्वांत कमी विचार करून वापरला जाणारा. घसा धरला की मिठाच्या गुळण्या, हिरडी सुजली की मिठाचे पाणी, दिवसभर उभे राहून पाय भरून आले की गरम पाण्याच्या घमेल्यात मूठभर मीठ. हे सारे आपण आजी-आजोबांकडून न विचारता घेतले आहे. अलीकडे या घरगुती परिवारात एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. तो म्हणजे मिठाचा साबण. लग्नाच्या परतभेटीत, दिवाळीच्या भेटपेटीत, महिला मंडळांच्या प्रदर्शनांत त्याच्या पांढऱ्या-गुलाबी वड्या हमखास दिसतात. सोबतच्या चिठ्ठीवर आश्वासने असतात : त्वचा उजळेल, खनिजे आत मुरतील, शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतील.

या आश्वासनांतील खरे किती आणि पोकळ किती, हे या महिन्याच्या लेखात पाहू. मिठाच्या पाण्याचे त्वचेला फायदे आहेत, यात शंका नाही. परंतु ते फायदे प्रमाणावर आणि वेळेवर अवलंबून असतात. आमटीत मीठ आपण चवीपुरते घालतो. त्वचेच्या बाबतीत मात्र मुठीने घालतो. दुकानात तोळामासा मोजणाऱ्या घराने येथेही तराजू हाती घ्यावा, एवढीच या लेखाची विनंती आहे.

मीठ पाण्यात पडले की काय होते?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात पातेल्यात पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. ज्या बाजूला मीठ अधिक, त्या बाजूला पाणी ओढले जाते. शास्त्रात याला परासरण म्हणतात. मिठाच्या पाण्याचे त्वचेवर जे बरे-वाईट परिणाम होतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका नियमात आहे.

आपल्या शरीरातील द्रवांत क्षारांचे एक ठरावीक प्रमाण असते. त्याच्याशी जुळणारे मिठाचे पाणी म्हणजे एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, अर्थात ०.९ टक्का. रुग्णालयात ज्याला 'नॉर्मल सलाइन' म्हणतात, त्याचे प्रमाण हेच. हे पाणी जखमेवर ओतले तर झोंबत नाही, कारण पेशींतून पाणी ओढूनही घेतले जात नाही आणि पेशींत घुसतही नाही. 'जखमेवर मीठ चोळणे' हा वाक्प्रचार ज्या वेदनेतून आला, ती कोरड्या मिठाची वेदना आहे. तेथे प्रमाणाचा तोल पार सुटलेला असतो.

मिठाचे प्रमाण याहून वाढवत नेले की पाणी बाहेर ओढण्याची शक्ती वाढते. त्यामुळे वरवरची सूज थोडी उतरते, खपली मऊ होते आणि अनेक जिवाणूंना वाढण्यास प्रतिकूल वातावरण मिळते. परंतु तीच शक्ती निरोगी त्वचेतील ओलावाही ओढते. म्हणून मिठाचे पाणी अंगावर वाळल्यावर त्वचा ताणल्यासारखी होते.

आता विषद्रव्यांविषयी. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर हा भिंतीसारखा असतो. बाहेरचे आत आणि आतले बाहेर सहजासहजी जाऊ नये, हेच त्याचे काम. रक्तातील नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घमेल्यातील पाणी मिठाने गढूळ झाले म्हणून शरीरातील विष उतरले असे समजणे भाबडेपणाचे आहे; तो पायावरचा मळ आणि मिठातील माती असते.

घरी सलाइन कसे करावे?

लहानसहान खरचटणे, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, कान टोचल्यानंतरची निगा, खपली धरलेली पुटकुळी. एवढ्यापुरते घरगुती मिठाचे पाणी उपयोगी आहे. आपल्या अनेक घरांत पाणी गाळून, उकळून, निववून ठेवण्याची रीत आहेच. तेच येथे कामी येते. असे एक लिटर पाणी घ्यावे आणि त्यात ९ ग्रॅम साधे बारीक मीठ विरघळवावे. वजनकाटा नसेल तर सपाट भरलेला चहाचा दीड चमचा मीठ म्हणजे साधारण तेवढेच होते. स्वच्छ कापडाचा तुकडा बुडवून जागा हलकेच पुसावी, मग कोरडी करावी. पाणी त्याच दिवशी वापरावे आणि उरलेले टाकून द्यावे.

चिखल्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे मिठापेक्षा कोरडेपणाचे महत्त्व अधिक आहे. पाय धुऊन तसेच ओले ठेवले, त्यावर बंद बूट चढवले, तर कोणतेही मीठ उपयोगाचे नाही. आठवडाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे. औषधाच्या दुकानातून नावानिशी मागून आणलेली मलमे मात्र स्वतःच्या मनाने लावू नयेत. त्यांतील अनेकांत स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवस थांबते, आणि नायटा पुढे चिवट होऊन साऱ्या घरात पसरतो. त्वचारोगतज्ज्ञांची आज ही फार मोठी तक्रार आहे.

खोल जखम, भाजलेली जागा आणि प्राण्याचा चावा यांवर घरगुती मिठाच्या पाण्यावर विसंबून राहू नये. चावलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांना दाखवावी.

बादलीचा हिशेब

'घरच्या घरी समुद्रस्नान' हा शब्दप्रयोग हल्ली फार ऐकू येतो. त्याचा हिशेब करून पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली स्नानाची बादली १५ लिटरची धरली, तर समुद्राइतके खारे पाणी करण्यासाठी त्यात ५२५ ग्रॅम मीठ लागेल. आपण टाकतो ती मूठ फार तर ५० ग्रॅमची. म्हणजे बादलीतील पाणी समुद्राच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके खारे होते. त्यातून फायदा झाल्याचे जे वाटते, त्यात मोठा वाटा कोमट पाण्याचा आणि मनाच्या समाधानाचा असतो. त्या समाधानाला नावे ठेवण्याचे कारण नाही. एरवी निरोगी असलेल्या माणसाला अशा पाण्याने अपायही होत नाही. मात्र रोज अर्धा किलो मीठ गटारात सोडून समुद्राची नक्कल करण्यातही शहाणपण नाही.

प्रत्यक्ष समुद्रात डुंबण्याची गोष्ट वेगळी. कोकणच्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन गेल्यावर पाण्यातून बाहेर येताच गोड्या पाण्याने अंग धुवावे, असे तेथील माणसे आवर्जून सांगतात. अंगावर पाणी वाळले की मागे मिठाचे सूक्ष्म कण राहतात. घाम आणि कपड्यांच्या घर्षणाने तेच कण काचतात आणि खाज सुटते. गोड्या पाण्याने अंग धुऊन ओलसर त्वचेवरच थोडे खोबरेल तेल लावले की ती तक्रार राहत नाही.

मृत समुद्राची कीर्ती

मिठाच्या पाण्याविषयीचे बहुतेक मोठे दावे एका स्थळापाशी जाऊन थांबतात. ते स्थळ म्हणजे इस्रायल आणि जॉर्डन यांच्या सीमेवरील मृत समुद्र. त्याचे पाणी साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारे आहे. सोरायसिससारख्या चिवट त्वचाविकारांचे रुग्ण तेथे आठवडेच्या आठवडे राहतात आणि अनेकांना उतार पडतो, हे खरे आहे. पण त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. ते सरोवर समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून अधिक खोल आहे. तेथे सूर्याची किरणे वातावरणाच्या अधिक जाड थरातून गाळून येतात. रुग्ण पाण्यात बसतात, तसेच ठरवून दिलेल्या वेळेत उन्हातही बसतात. पाणी, ऊन आणि कामधंद्यापासून लांब मिळालेली विश्रांती या तिघांचा तो एकत्र परिणाम असतो.

केवळ पाण्याचा गुण पाहण्यासाठी जर्मनीतील संशोधकांनी २००५ साली एक साधा आणि चांगला प्रयोग प्रसिद्ध केला. कोरडी, खाजरी त्वचा असलेल्या व्यक्तींनी एक हात मृत समुद्राचे मीठ ५ टक्के मिसळलेल्या पाण्यात पंधरा मिनिटे बुडवला आणि दुसरा हात नळाच्या साध्या पाण्यात. काही आठवडे असे केल्यावर मिठाच्या पाण्यातील हाताची त्वचा अधिक ओलसर, कमी लाल आणि अधिक मजबूत आढळली.

येथे एक मेख आहे. मृत समुद्राच्या मिठात मोठा भाग मॅग्नेशियम क्लोराइडचा असतो. आपल्या स्वयंपाकघरातील मीठ जवळजवळ सर्व सोडियम क्लोराइड असते. दोघांनाही आपण 'मीठच' म्हणतो. पण सोने आणि पितळ दोन्ही पिवळे म्हणून भाव एक होत नाही. संशोधकांनी त्या परिणामाचे श्रेय मॅग्नेशियमला दिले आहे. म्हणून त्या प्रयोगाचा दाखला देऊन कोणी साध्या मिठाचा साबण विकत असेल, तर तो दुसऱ्याच्या हुंडीवर आपली सही करीत आहे, असे समजावे.

याच्या नेमके उलटे चित्र आपल्या शेजारच्या राज्यात आहे. भारताचे बहुतेक मीठ गुजरातेत पिकते. कच्छच्या छोट्या रणात अगरिया कुटुंबे वर्षाचे कित्येक महिने जमिनीतून उपसलेल्या, समुद्राहून खाऱ्या पाण्यात उभी राहून मीठ पिकवतात. त्या पाण्याने त्यांच्या पायांची त्वचा जाड, ताठर होते, तिला भेगा आणि जखमा पडतात. पंधरा मिनिटे बुडवलेल्या हाताला जे मीठ मानवते, ते दिवसभर बुडालेल्या पायाला खाऊन टाकते. प्रमाण आणि वेळ यांचे महत्त्व सांगायला याहून मोठा पुरावा नको. आपल्या ताटातील चिमूटभर मिठामागे कोणाचे पाय आहेत, याचेही स्मरण त्यानिमित्ताने व्हावे.

दुकानात उभे राहणारे पाय

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आता येतो. आपल्या व्यापारी घरांत दहा-दहा तास गादीवर बसणे किंवा काउंटरमागे उभे राहणे हा नित्याचा क्रम आहे. रात्री घरी आल्यावर पाय सुजलेले, तळवे जळजळणारे. मग गरम पाणी, मीठ आणि पाऊण तास. याच घरांत पन्नाशी ओलांडलेल्या किती जणांना मधुमेह आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी मोजावे.

मधुमेह जुना झाला की अनेकांच्या पायांची संवेदना हळूहळू मंदावते. पाणी किती गरम आहे, हे पायाला कळतच नाही. घरातील इतरांना जे पाणी चटका देईल, त्यात अशी व्यक्ती निवांत बसून राहते. पाय भाजतो, फोड येतो, तो लक्षात येत नाही. मिठाने कोरड्या झालेल्या त्वचेला आधीच भेगा असतात. त्यांतून जंतू शिरतात. रक्तपुरवठा कमी असल्याने जखम भरत नाही. पुढची वाट शस्त्रक्रियेकडे आणि क्वचित पाऊल गमावण्याकडेही जाते. म्हणून मधुमेह असलेल्यांनी गरम पाण्यात, मिठाच्या वा बिनमिठाच्या, पाय बुडवून बसू नये. कोमट पाण्याने पाय धुवावेत, पाण्याचा उष्मा घरातील दुसऱ्याने आपल्या हाताच्या कोपराने पाहावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, टाचांना तेल किंवा मलम लावावे आणि तळव्याकडे रोज एकदा पाहावे. स्वतःला दिसत नसेल तर सुनेने, मुलाने, नातवंडाने पाहावे. ही सेवा दोन मिनिटांची आहे आणि तिचे मोल कोणत्याही साबणापेक्षा मोठे आहे.

पायांवर रोज सूज येत असेल, बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर ते हृदय, मूत्रपिंड किंवा शिरांच्या दुखण्याचे लक्षण असू शकते. मिठाच्या पाण्याने तेवढ्यापुरते बरे वाटते आणि तपासणी लांबणीवर पडते, हा त्यातील खरा धोका आहे. ज्यांना मधुमेह नाही, पायांवर जखम वा भेग नाही, त्यांनी थकल्या पायांना कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे विसावा द्यायला हरकत नाही.

साबण आणि मीठ

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून होणारा क्षार. या संयोगात साबणाबरोबर ग्लिसरीनही तयार होते. गंमत अशी की, मीठ हे मुळात साबणाचे वैरी. पूर्वापार कारखान्यांत उकळत्या साबणात मीठ टाकतात, ते साबण पाण्यातून वेगळा काढण्यासाठीच. साबण वर तरंगतो, ग्लिसरीन खालच्या खाऱ्या पाण्यात जाते आणि वेगळे विकले जाते. खाऱ्या पाण्यात बहुतेक साबणांना फेस येत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात, ज्याला शाळेच्या पुस्तकांत दुष्फेन पाणी म्हणतात, फेसाऐवजी चिकट पांढरा साका जमतो. तो तेथील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा प्रताप.

या वैराला एक अपवाद आहे, खोबरेल तेलाचा साबण. तो खाऱ्या पाण्यातही विरघळतो आणि फेस देतो. म्हणून लांबच्या सफरीवर गोडे पाणी जपून वापरणारे खलाशी समुद्राच्या पाण्यात वापरण्यासाठी खोबरेलाचाच साबण बाळगत. आजचा मिठाचा साबण हे त्याच ज्ञानाचे पुढचे रूप आहे : मीठ पाण्यात असण्याऐवजी वडीतच घातलेले. त्यामुळे वडी दगडासारखी घट्ट होते, लवकर झिजत नाही, आणि फेस मोठ्या बुडबुड्यांचा न येता सायीसारखा दाट येतो.

त्वचेला त्याचा लाभ काय? वडी अंगावर फिरते ती अर्धा मिनिट, मग पाण्याने धुऊन जाते. एवढ्या वेळात खनिजे मुरण्याचा प्रश्नच नाही. बारीक मिठामुळे मृत त्वचा किंचित घासली जाते, एवढे खरे. या साबणानंतर जो मऊपणा जाणवतो, तो मुख्यतः जाणूनबुजून जास्त ठेवलेल्या तेलाचा आणि कारखान्याप्रमाणे काढून न घेतलेल्या ग्लिसरीनचा असतो. श्रेय मिठाला मिळते, कष्ट तेलाचे असतात. शिवाय कोणताही खरा साबण अल्कधर्मीच असतो. त्याचा पीएच साधारण ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास. म्हणून तान्ही बाळे, इसब उसळलेली त्वचा आणि चेहऱ्यावरील मुरुमे यांना हा साबण लावू नये.

वेष्टन वाचण्याची सवय

मिठाच्या साबणाचा खरा मोठा लाभ माझ्या मते वेगळाच आहे : तो घरी केला तर त्यात काय आहे, हे आपल्याला ठाऊक असते. बाजारातील साबणात प्राण्यांची चरबी असण्याची शक्यता आपल्या घरांना नेहमीच अस्वस्थ करत आली आहे. घटकांच्या यादीत 'सोडियम टॅलोवेट' असे लिहिले असेल, तर तो चरबीचा साबण. 'सोडियम पामेट' किंवा 'सोडियम कोकोएट' असेल तर पाम वा खोबरेल तेलाचा. स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन मात्र दोन्हीकडून येऊ शकतात. तेथे हिरवा ठिपका पाहावा किंवा उत्पादकाला विचारावे. 'साचा तयार, फक्त वितळवा आणि ओता' अशा साबणाच्या लाद्या घेऊन घरी वड्या करणाऱ्या भगिनींनीही हा प्रश्न पुरवठादाराला विचारलाच पाहिजे.

हा आग्रह व्यापाराला मारक नसतो, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. अर्देशर गोदरेज यांनी १९१८ साली प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. पुढे त्यांनी 'नंबर २' आधी काढला आणि 'नंबर १' नंतर. दुसरा क्रमांक इतका चांगला तर पहिला किती चांगला असेल, असे गिऱ्हाइकाला वाटावे म्हणून, असे सांगतात. ग्राहकाच्या श्रद्धेचा मान राखूनही धंदा उभा राहतो, हे त्यांनी दाखवले.

घरी करायचा झाल्यास

येथे एक गंभीर सूचना आधी. कॉस्टिक सोडा हा दाहक पदार्थ आहे. त्वचेवर पडला तर जाळतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. घरात लहान मुले असतील तर ती बाहेर गेल्यावरच हे काम काढावे, आणि उरलेला सोडा कुलूपबंद ठेवावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत त्याचे द्रावण कधीही भरून ठेवू नये. हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या खिडक्या हव्यात. भांडी स्टेनलेस स्टीलची आणि याच कामासाठी वेगळी ठेवलेली असावीत. ॲल्युमिनियमचे भांडे सोड्याने खाल्ले जाते आणि त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो.

साहित्य : खोबरेल तेल ५०० ग्रॅम, शुद्ध कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम, स्वच्छ पाणी १५० ग्रॅम, बारीक साधे मीठ २५० ग्रॅम. सर्व जिन्नस, पाणीसुद्धा, ग्रॅमच्या काट्यावर तोलावेत. वाटी-चमच्याने हे काम होत नाही. ५०० ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे ९१ ग्रॅम सोडा लागतो. आपण मुद्दाम कमी घेतो, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा तेल तेलरूपानेच राहते. नुसता खोबरेलाचा साबण त्वचा फार कोरडी करतो. हे उरलेले तेल त्याला आवर घालते.

१. पाण्यात सोडा थोडा थोडा घालत ढवळावे. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. ते उसळून अंगावर येते. द्रावण अतिशय तापते. ते कोमट होईपर्यंत बाजूला ठेवावे.

२. तेल वितळवून साधारण ४० अंश सेल्सिअसवर आणावे. त्यात द्रावण बारीक धारेने घालून मिश्रण पातळ श्रीखंडासारखे होईपर्यंत घुसळावे.

३. मग मीठ मिसळून लगेच लहान लहान साच्यांत भरावे. हा साबण फार लवकर घट्ट होतो. एकच मोठी लादी केली तर काही तासांतच कापावी लागते, नाहीतर सुरीखाली तिचा भुगा होतो.

४. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच वड्या काढाव्यात आणि हवेशीर जागी चार ते सहा आठवडे वाळवाव्यात. त्यापूर्वी वापरू नयेत.

मीठ बारीकच घ्यावे. जाड्या मिठाचे खडे त्वचेवर ओरखडे काढतात. मृत समुद्राचे मीठ किंवा एप्सम सॉल्ट साबणात घालू नये. त्यांतील मॅग्नेशियम जड पाण्यासारखाच साका करते. आगरातले कच्चे मीठ पावसाळ्यात पाझरते, तेही त्यातील मॅग्नेशियम क्लोराइडमुळेच. असे मीठ वापरल्यास वडीलाही घाम फुटतो.

काम करताना द्रावण अंगावर उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवावे. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये. डोळ्यात गेले तर धुता धुताच रुग्णालय गाठण्याची व्यवस्था करावी. ज्यांना ही सारी दक्षता जमणार नाही, त्यांनी वर सांगितलेली तयार लादी वितळवून वड्या कराव्यात. त्यात कमीपणा नाही.

विकायचा झाल्यास

आपल्या लेकी-सुनांनी घरच्या कौशल्यातून व्यवसाय उभा करावा, याचा आनंदच आहे. पण साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. विक्रीसाठी तो बनवायचा तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील २०२० च्या नियमांनुसार उत्पादनाचा परवाना लागतो. तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. घरी वापरणे आणि नातलगांना देणे वेगळे. प्रदर्शनात टेबल मांडणे वेगळे. 'इसब बरा करतो', 'सोरायसिसवर रामबाण' असे वेष्टनावर लिहिले, तर तो दावा औषधाचा होतो आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत.

व्यापाऱ्याच्या नजरेतून एक हिशेब आणखी. वरच्या कृतीतील वाळलेल्या वडीत जवळपास तिसरा हिस्सा मीठ असतो. कित्येक जण तेलाइतकेच मीठ घालतात; तेथे वडीचे निम्म्याजवळ वजन मिठाचेच भरते. भारतीय मानकांत पहिल्या श्रेणीच्या अंगाच्या साबणात एकूण स्निग्ध द्रव्य, म्हणजे टीएफएम, किमान ७६ टक्के अपेक्षित आहे. मिठाची वडी तेथे पोहोचूच शकत नाही. यात फसवणूक नाही, कारण मीठ हेच तिचे वैशिष्ट्य. पण तेलाच्या भावाने मीठ विकताना वेष्टनावर तसे स्पष्ट लिहावे आणि घेणाऱ्यानेही तोलून पाहावे.

तात्पर्य एवढेच : खरचटल्यावर लिटरला ९ ग्रॅम, थकल्या निरोगी पायांना पंधरा मिनिटे, मधुमेह असलेल्या पायांना मिठाचे घमेले मुळीच नाही, आणि साबणात मीठ हौसेपुरते. आजच रात्री जेवणानंतर घरातील वडीलधाऱ्यांचे तळवे एकदा उजेडात पाहून घ्यावेत.

पुढील अंकात डाळीचे पीठ, मुलतानी माती आणि हळद या जुन्या उटण्यांविषयी.